ऊस कुठपर्यंत नैसर्गिक असतो?

सीबीएसईने 2025 च्या मे महिन्यात आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कोणत्या पदार्थात किती साखर असते, दिवसाला किती चालते, हे मुलांना भिंतीवर वाचायला मिळावं, एवढाच त्यामागचा हेतू. भाचीच्या शाळेत त्यावर पालकसभा झाली आणि तिच्या आईला रजा मिळाली नाही म्हणून मी गेले. पाऊण तास चर्चा झाली. एका बाजूचं म्हणणं, बोर्डावर फक्त साखरेबद्दल लिहा. गूळ, मध, खजूर, फळांचा रस हे नैसर्गिक, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? दुसऱ्या बाजूला एक डॉक्टर पालक होते. ते म्हणाले, गूळ आणि साखर एकच, उगाच खुळं काढू नका. मग एकीकडून आजीचा बटवा निघाला, दुसरीकडून कॅलरीचे आकडे. आपली मुलं दिवसभरात एकूण गोड किती खातात, हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत कुणीच विचारला नाही.

हाच वाद घरोघरी चालतो आणि तो चुकीच्या पायावर उभा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. गूळ खावा की साखर, हा आरोग्याचा प्रश्नच नव्हे. गोडवा ज्या फळात, कंदात, दाण्यात तयार झाला, त्याच्या गरासकट, चोथ्यासकट आपण तो खातो, की त्यातून पिळून, आटवून वेगळा काढलेला खातो, हा खरा प्रश्न आहे. पहिल्या प्रकारचा गोडवा रोजचा असावा. दुसऱ्या प्रकारचा पांढरा असो, तपकिरी असो की सोनेरी, तो सणाचा किंवा चिमटीचा असावा. ‘नैसर्गिक’ हा शब्द आज ही सीमारेषा पुसायला वापरला जातो आणि म्हणून तो मला धोक्याचा वाटतो.

उसापासून सुरुवात करू. रसवंतीवर समोर पिळून मिळणाऱ्या रसाइतकं नैसर्गिक पेय दुसरं कोणतं? तोच रस गुऱ्हाळात मोठ्या काहिलीत ओततात, चुलवाणात चिपाडाचा जाळ घालतात, थोडा चुना आणि भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून वर येणारा मळ काढून टाकतात. रस आटत जातो, आधी काकवी होते. पुढे गुळव्या थेंबभर पाक पाण्यात सोडून त्याची गोळी जमते का पाहतो, आणि जमली की काहील उतरवून पाक वाफ्यात ओततात. तो झाला गूळ. कारखान्यात हाच रस आटवून त्याचे स्फटिक करतात, ते गरगर फिरवून काळी मळी वेगळी काढतात आणि साखर उरते. रस, काकवी, गूळ, साखर ही एकाच वाटेवरची चार ठाणी आहेत. यातल्या नेमक्या कोणत्या ठाण्यावर ऊस नैसर्गिक राहायचा थांबतो? माझ्या मते तो पहिल्याच ठाण्यावर थांबला, चरकात चोथा वेगळा झाला तेव्हाच. ऊस दातांनी सोलून, चावून खाणाऱ्याला एक कांडं संपवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि जबडा दुखतो. रसाचा अडीचशे मिलिलिटरचा पेला दोन मिनिटांत रिकामा होतो आणि तीस-पस्तीस ग्रॅम साखर, म्हणजे सातेक चमचे, पोटात जाते. त्या रसात कारखान्याचं काहीही नसतं.

आता गुळाच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करते. गुळात सुक्रोज साधारण 65 ते 85 टक्के असतं, शिवाय ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, थोडा ओलावा आणि उसातले काही क्षार. साखर जवळजवळ शुद्ध सुक्रोज असते, तिच्यात क्षार नाहीत. म्हणजे गुळात साखरेपेक्षा काहीतरी जास्त आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण किती जास्त? अन्नाच्या जुन्या तक्त्यांतला सगळ्यात सढळ आकडा धरला तर 100 ग्रॅम गुळात 11 मिलिग्रॅम लोह. म्हणजे 10 ग्रॅमच्या खड्यात एक मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं. गुळातून ही गरज भागवायची तर रोज पाव किलोहून जास्त गूळ खावा लागेल. आणि आपण तो खातो कशातून? चहातून. गल्लोगल्ली गुळाच्या चहाची दुकानं आहेत आणि तिथे कपाकपातून आरोग्याची हमी विकली जाते. चहातली टॅनिन्स आतड्यातून लोह शोषलं जाणं बरंच कमी करतात. जे थोडंफार लोह गुळात होतं, त्यातलंही बरंच आपण अडवून टाकतो.

हा मुद्दा मला लागतो, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्रातही त्या निम्म्याहून अधिक आहेत. त्यांना ‘गूळ खा, रक्त वाढेल’ असं सांगणं म्हणजे त्यांच्या दुखण्याला हलक्यात घेणं. आपल्या आज्या बाळंतिणीला अळिवाचे लाडू देत आल्या, ते शहाणपणाचंच होतं. पण त्या लाडवातलं लोह मुख्यतः अळिवातलं. गुळाने लाडू वळला आणि गोड केला, श्रेय मात्र सगळं त्यालाच मिळालं. तिळगुळात तिळाचं, चिक्कीत शेंगदाण्याचं असंच झालं आहे. गूळ ज्या संगतीत राहिला त्या संगतीचं पुण्य त्याच्या खात्यावर जमा झालं आणि आता संगत सोडून नुसता गूळच औषध म्हणून मिरवतो आहे.

गुळाच्या बाजूचा दुसरा मुद्दा याहून बळकट आहे. गुळाला स्वतःची चव आहे. ती सगळीकडे जुळत नाही, म्हणून तो हात आखडता ठेवतो. साखर मात्र स्वतः कुठेच दिसत नाही. पावात, सॉसमध्ये, शीतपेयात, खाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटात ती न कळता शिरते. ढेपेतला गूळ बत्त्याने फोडावा लागे, विळीवर चिरावा लागे, या कष्टामुळेही तो बेताने वापरला जाई. हे सगळं मी पाहिलं आहे आणि मला पटतं. पण गेल्या काही वर्षांत बाजाराने नेमका हाच अडसर काढून टाकला. गुळाची पावडर आली, वड्या आल्या, चमच्याने घालता येईल असा पातळ पाक आला. गुळाची बिस्किटं, गुळाचं आइस्क्रीम, गुळाचं चॉकलेट आलं. ज्या गैरसोयीमुळे गूळ साखरेपेक्षा बरा होता ती गैरसोय गेली, आणि बरा असल्याची ख्याती तेवढी उरली.

रसायनांबद्दल थोडक्यात. कारखान्यात रस निवळायला चुना आणि गंधकाचा धूर वापरतात, हे खरं. पण बाजारात गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असतो, म्हणून काही गुऱ्हाळांत हायड्रॉस नावाची पावडर टाकतात, तेही गंधकाचंच संयुग. साखर स्वस्त झाली की गुळात साखरच मिसळण्याचे प्रकार होतात. काळपट, थोडा मऊ गूळ घेणारे कमी आहेत. ते वाढले तर मला आनंद होईल.

तिसरा मुद्दा आरोग्याचा नाही, आणि माझ्या मते गुळाच्या बाजूचा तोच सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. 1932 मध्ये सरकारने साखर उद्योगाला संरक्षण दिलं आणि पाच-सहा वर्षांत देशातले साखर कारखाने तीसेकवरून सव्वाशेच्या पुढे गेले. त्या काळात, 1934 मध्ये, गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी पाहिलं आणि गुळाची, विशेषतः ताडगुळाची, बाजू लावून धरली. गूळ अधिक पौष्टिक असंही ते म्हणत, पण त्या मांडणीचा कणा वेगळा होता: गुळाचा पैसा गावात राहतो, काम गावात राहतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी पेठ वसवली, तिथे गुळाचा व्यापार वाढला आणि पंचगंगेच्या काठच्या शेतकऱ्याला हक्काची बाजारपेठ मिळाली. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दुसरीकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 मध्ये लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, तोही शेतकऱ्याच्याच हितासाठी. त्या साखरेतून शाळा, दवाखाने, रस्ते उभे राहिले. म्हणून गूळ गावाचा आणि साखर परकी, अशी विभागणीही महाराष्ट्रात टिकत नाही. गुऱ्हाळ जगावं म्हणून कुणी गूळ विकत घेत असेल तर त्यांनी जरूर घ्यावा, मीही घेते. पण मग तसंच म्हणावं. गुऱ्हाळघराच्या मालकाला जगवण्यासाठी मधुमेह्याला फसवायची गरज नाही.

फसवणं हा शब्द मी विचार करून वापरला. माझ्या मोठ्या मावशीला साठाव्या वर्षी मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, साखर बंद. तिने ती त्याच दिवशी बंद केली. ती शब्दाची पक्की. आणि दुसऱ्या दिवसापासून गुळाचा चहा, सकाळी कोमट पाण्यात मध, दुपारी ‘शुगर फ्री’ म्हणून आणलेले खजुराचे लाडू. पूर्वी ती चहात एक चमचा साखर मोजून घालायची. गुळाचा खडा कुणी मोजत नाही, आणि जे औषधच आहे ते कशाला मोजायचं? सहा महिन्यांनी रक्ततपासणीचा आकडा आधीपेक्षा वर गेला होता. ती रडली. पथ्य मोडलं असतं तर तिला इतकं वाईट वाटलं नसतं. तिने पथ्य पाळलं होतं. साखर बंद म्हणजे काय काय बंद, हे तिला कुणी बसून सांगितलं नव्हतं, आणि घरातल्या आम्हा शिकलेल्यांनाही ते सुचलं नाही. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी उंबरठ्यावर आहेत. माझ्या मावशीसारख्या किती असतील?

यावर आयुर्वेदाचा दाखला हमखास येतो. तो आदराने तपासून पाहावा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात येतो त्या विकारांची, कारणं सांगितली आहेत: बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, नवं धान्य, आणि त्याच यादीत ‘गुडवैकृत’, म्हणजे गूळ आणि गुळाचे प्रकार. दोन हजार वर्षांपूर्वी साखर कारखाने नव्हते, गूळ होता, आणि त्या वैद्याने रोगाच्या मुळाशी गुळाकडेही बोट दाखवलं. मधाला त्याच परंपरेत वेगळं स्थान आहे, हे खरं. पण तिथे तो मात्रेने, रोगी पाहून द्यायचा असतो. आयुर्वेदाचा सगळा भर मात्रेवर आणि प्रकृतीवर. त्याचं नाव घेऊन सगळ्यांनी वाटेल तेवढा गूळ खावा असं सांगणं हा त्या शास्त्रावरच अन्याय आहे.

मधाबद्दल आणखी एक गोष्ट, कारण तिथे चुकीची किंमत फार मोठी असू शकते. मधात सुमारे 80 टक्के साखरच असते. ती मधमाशीने केली म्हणून आपल्या रक्तात वेगळी वागत नाही. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथला किंवा सह्याद्रीतला खरा मध हे मोठं वैभव आहे, परागीभवनासाठी तर मधमाशी जगलीच पाहिजे. पण 2020 च्या डिसेंबरात सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या पर्यावरण संस्थेने बाजारातल्या 13 मधांची तपासणी केली तेव्हा त्यातले 10 शुद्धतेच्या कसोटीत नापास झाले. त्यांत साखरेच्या पाकाची भेसळ होती. आणि मध कितीही शुद्ध असला तरी वर्षाच्या आतल्या बाळाला तो देऊ नये. त्यात बॉट्युलिझम या गंभीर आजाराचे जिवाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्याला त्यांचा सामना करता येत नाही. आपल्याकडे बाळगुटी मधात उगाळून देतात, जन्मल्याबरोबर मधाचं बोट चाटवतात. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत इथे थेट बाळाच्या जिवाशी येते.

मिठाचं उदाहरण आठवतं. देशात गलगंड आणि आयोडीनच्या अभावाने होणारं मुलांचं बौद्धिक नुकसान रोखायला 1962 पासून सरकारी कार्यक्रम सुरू झाला, पुढे मिठात आयोडीन घालणं सार्वत्रिक झालं आणि त्याचा मोठा फायदा झाला. आता सुशिक्षित घरांत पांढरं मीठ वाईट म्हणून गुलाबी सैंधव आलं आहे. त्यात म्हणे अनेक खनिजं आहेत. असतील, पण चिमटीभर मिठात ती येणार किती? सोडियम जवळपास तितकंच राहिलं, रक्तदाब तिथेच राहिला, आयोडीन मात्र गेलं. रंग बदलला की पदार्थ बदलला असं वाटतं आणि मीठ कमी करायचं राहूनच जातं. गुळाच्या बाबतीत आपण हेच करतो आहोत.

आता त्या डॉक्टर पालकांकडे वळते, कारण त्यांचंही मला पटलेलं नाही. गूळ आणि साखर शरीराला सारखीच, हे बहुतांशी बरोबर. पण एवढं बोलून थांबलं की ऐकणारा काय निष्कर्ष काढतो? दोन्ही सारखीच, मग साखरच बरी, स्वस्त आहे. देशात वर्षाला सुमारे 2.8 कोटी टन साखर खपते. डोकी मोजून भागली तर माणशी दिवसाला 50 ग्रॅमच्या वर जाते, गूळ वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा एकूण ऊर्जेच्या 10 टक्के आणि शक्य तर 5 टक्के, म्हणजे ढोबळमानाने 50 आणि 25 ग्रॅम. त्यात साखरेबरोबर मध, पाक आणि फळांचा रसही मोजला आहे, सबंध फळ आणि दूध मात्र मोजलेलं नाही. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. मोसंबं आणि मोसंब्याचा रस यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने साखर एकच. पण तीन मोसंबी सोलून, बिया काढून, फोडी चावून खायला बसलं तर दुसऱ्याच मोसंब्याला पोट नको म्हणतं. तीन मोसंब्यांचा रस माणूस उभ्याउभ्या पिऊन टाकतो. साखरेचा प्रकार कोणता, यापेक्षा तिच्या वाटेत किती चोथा, किती चावणं, किती वेळ आडवा येतो हे महत्त्वाचं. दोन्ही सारखंच म्हणणाऱ्यांनी हे पुढचं वाक्य बोलायलाच हवं. आणि कृत्रिम गोडीची गोळी हे त्याचं उत्तर नाही. वजन आटोक्यात ठेवायला तिचा वापर करू नका असं त्याच संघटनेने 2023 मध्ये सांगितलं, आणि त्या यादीत वनस्पतीपासून काढलेला स्टीव्हियाही आहे.

मग गोडवा कुठे शोधायचा? आपल्या मातीत तो भरपूर आहे, आपण त्याची चव विसरत चाललो आहोत. पौष-माघात ज्वारी हुरड्यात येते तेव्हा दाण्यातल्या साखरेचं पिठूळ सत्त्व पुरतं झालेलं नसतं, म्हणून आगटीत भाजून हातावर चोळलेला हुरडा गोड लागतो. पंधरा दिवसांनी तोच दाणा कडक आणि बिनगोडीचा होतो. रताळं मंद आचेवर, राखेत किंवा झाकण ठेवून हळूहळू भाजलं की त्यातल्या स्टार्चची माल्टोज नावाची साखर होते आणि वरून काहीही न घालता सालीतून चिकट पाक सुटतो. कुकरला घाईत शिजवलेल्या रताळ्याला ती गोडी येत नाही. भाकरीचा घास नीट चावला की तोंडातल्या तोंडात गोड होतो. तांबडा भोपळा, कोवळं गाजर, मंद परतलेला कांदा, ताजं दूध, सासवडकडचं सीताफळ, घोलवडचा चिकू, उन्हाळ्यातली करवंदं आणि जांभळं. पिकलेल्या हापूसच्या रसात आपण साखर घालतो, हे मला पूर्वी खटकत नसे. आता खटकतं. त्या आंब्याहून गोड आणखी काय हवं असतं जिभेला?

तिला ते हवं असतं, कारण तिची सवय वर गेली आहे, आणि ती सवय उतरते. मी चहातली साखर दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करत गेले. तीन महिन्यांनंतर दुधाची गोडी कळायला लागली, जी आयुष्यभर त्याच कपात होती. साखरेऐवजी गूळ घातला असता तर जीभ होती तिथेच राहिली असती. म्हणूनच या अदलाबदलीला माझा विरोध आहे: ती सवयीला हात लावत नाही आणि हात लावल्याचं समाधान देते.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हे सगळं मी पंख्याखाली बसून काम करणाऱ्या, पोटभर खाणाऱ्या माणसांसाठी लिहिते आहे. पहाटेपासून ऊस तोडणाऱ्या बाईने गूळ-शेंगदाणे खाल्ले तर तो तिच्यासाठी स्वस्त, योग्य आहार आहे. वजन कमी असलेल्या मुलाच्या हातातली चिक्की काढून घेण्यात काही शहाणपण नाही. उन्हातून आलेल्याला गूळपाणी देणारी रीत चालत आलेल्या, घाम गाळलेल्या पाहुण्यासाठी होती, आणि ती सुंदर होती. आमटीतला गुळाचा सुपारीएवढा खडा सहा माणसांत वाटला जातो, त्याच्याशीही माझं भांडण नाही. होळीच्या पुरणपोळीशी तर नाहीच. पुरण डाळीच्या बरोबरीने गूळ घालूनच करावं, तूप सोडून खावं, आणि ते गोड म्हणूनच खावं, पथ्य म्हणून नव्हे.

पालकसभेत शेवटी मी एवढंच सुचवलं की बोर्डावर नावं न लिहिता वजनं मांडू या. मुलांनी स्वतः काटा आणला. उसाच्या रसाचा पेला, डब्यात येणारी गुळाची बिस्किटं, खजुराचा लाडू, पेटीतला फळांचा रस, शीतपेयाची बाटली, प्रत्येकासमोर तेवढी साखर पारदर्शक पिशवीत भरून टाचली. सगळ्या पिशव्यांत पांढरी साखरच भरली होती, कारण मोजायला तीच सोपी. खालच्या ओळीत एक मोसंबं, एक उकडलेलं रताळं आणि मूठभर बोरं ठेवली, त्यांच्यासमोर पिशवी नाही. भाची सांगत होती, मधल्या सुट्टीत मुलं येऊन आधी वरच्या पिशव्या हाताने दाबून बघतात, आणि खालची बोरं रोज कुणीतरी खाऊन टाकतं, म्हणून बाईंना रोज नवी आणावी लागतात.